विश्लेषण : मंगळावर माणूस जाणे खरेच शक्य आहे का? मुरूडच्या दीक्षितांच्या गणितातून समजून घेऊ

मंगळावर माणूस पाठवण्याच्या घोषणा साधारण दर दोन वर्षांनी नव्याने ऐकू येतात. घोषणा करणाऱ्यांची हौस त्यामागे असेलच, पण एक साधे खगोलीय कारणही आहे. पृथ्वी आणि मंगळ सूर्याभोवती फिरता फिरता सरासरी ७८० दिवसांनी, म्हणजे सुमारे २६ महिन्यांनी, एकमेकांच्या संदर्भात पुन्हा त्याच स्थितीत येतात. कमी इंधनात यान सोडायची संधी तेव्हाच मिळते. हा ७८०चा आकडा काढायला संगणक लागत नाही. रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेल्या एका शाळामास्तरांनी १८९६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मराठी ग्रंथात दिलेल्या ग्रहांच्या मानांवरून तो कागद-पेन्सिलीने निघतो. त्या मास्तरांचे नाव शंकर बाळकृष्ण दीक्षित. ग्रह अमुक दिवशी कुठे असेल हे सांगणे वेगळे आणि तिथे माणूस नेणे वेगळे. या दोन्हींत नेमका फरक किती, हे दीक्षितांचे काम पाहिले की नीट कळते.

कोण होते दीक्षित?

जन्म १८५३ चा, दापोली तालुक्यातील मुरूडचा. (जंजिऱ्याजवळचे मुरूड ते वेगळे, रायगड जिल्ह्यातले.) महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे गाव म्हणून हे मुरूड अनेकांना ठाऊक असते, दीक्षित कर्व्यांपेक्षा पाच वर्षांनी मोठे. पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजात शिक्षण, नंतर मॅट्रिक आणि मग जन्मभर शिक्षण खात्यात नोकरी. बार्शी, धुळे असे करत शेवटी ते पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजातच शिकवायला आले. विद्यापीठाची पदवी नव्हती. वेधशाळा नव्हती. संस्कृत सिद्धान्तग्रंथ मिळवायचे, त्यांतले गणित स्वतः करून पाहायचे आणि ते आकाशाशी जुळते का ते तपासायचे, हा त्यांचा शाळेनंतरचा उद्योग.

मराठी वाचकांसाठी त्यांनी ‘सृष्टचमत्कार’ आणि ‘ज्योतिर्विलास’ ही सोपी पुस्तके लिहिली. पैकी दुसऱ्याने कित्येक घरांतल्या मुलांना नक्षत्रे ओळखायला शिकवले. मात्र त्यांची खरी ओळख ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ या ग्रंथाने झाली. आपल्या पंचांगाचा इतिहास लिहून द्यावा यासाठी दक्षिणा प्राइज कमिटीने बक्षीस लावले होते, त्यातून हे काम उभे राहिले. नावात ज्योतिष असले तरी हा भविष्याचा ग्रंथ नाही. वेदकाळापासून एकोणिसाव्या शतकापर्यंत आपल्याकडे खगोलगणित कसे वाढले, कोणत्या ग्रंथात कोणता आकडा आहे, तो किती बरोबर आणि किती चूक, याचा हा हिशेब आहे. चूक ती चूक असे ते स्पष्ट लिहितात. अभिमानाच्या भरात आकडे फुगवणाऱ्यांनी आजही हा ग्रंथ एकदा चाळावा.

पाचव्या शतकातला गुरू

दीक्षितांची गणिती ताकद दाखवणारे एक प्रकरण आहे. ब्रिटिश अधिकारी आणि पुराभिलेख अभ्यासक जॉन फ्लीट गुप्त राजांचे कोरीव लेख संपादित करत होते. गुप्त संवत कधी सुरू झाला यावर तेव्हा विद्वानांत मोठा वाद होता, आणि वेगवेगळे पक्ष त्याची सुरुवात कित्येक दशके, काही तर शतकभराहून अधिक मागेपुढे धरत. मध्य भारतातल्या परिव्राजक राजांच्या ताम्रपटांत गुप्त वर्षासोबत महावैशाख, महाचैत्र अशी संवत्सरांची नावे होती. ही नावे गुरूच्या बारा वर्षांच्या फेऱ्यावरून पडलेली. गुरू सूर्याच्या तेजात सुमारे महिनाभर दिसेनासा होतो, मग पहाटे पुन्हा उगवतो. तो ज्या नक्षत्रात उगवेल, त्यावरून वर्षाचे नाव ठरते.

दीक्षितांनी १४०० वर्षे मागे जाऊन गुरूचे ते उदय गणिताने काढले. इ.स. ३१९-२० ला संवत सुरू झाला असे धरले की ताम्रपटांतली नावे जुळतात, हे त्यांनी दाखवले. एरण येथील बुधगुप्ताच्या लेखातली आषाढ शुद्ध द्वादशी, गुरुवार ही तिथी २१ जून ४८४ ला येते, हेही त्यांच्याच आकडेमोडीतून पक्के झाले. फ्लीट यांचा खंड १८८८ मध्ये निघाला. पुढे रॉबर्ट स्यूएल यांच्यासोबत दीक्षितांनी भारतीय कालगणनेवर इंग्रजी ग्रंथ केला, तोही १८९६ चाच. त्यातली कोष्टके इतिहासाच्या अभ्यासकांना पुढची कित्येक वर्षे तारखा काढायला उपयोगी पडली.

आता हेच गणित उलट दिशेने करा. १४०० वर्षांपूर्वी गुरू कुठे होता याऐवजी दहा महिन्यांनी मंगळ कुठे असेल हे काढा. यान सोडणाऱ्यांना नेमके हेच हवे असते.

यान नेम कसा धरते?

दाभोळच्या खाडीत ओहोटीच्या वेळी होडी पलीकडे नेणारा माणूस समोरच्या धक्क्याकडे तोंड धरत नाही. पाणी किती ओढेल याचा अंदाज घेऊन तो वरच्या अंगाला तोंड धरतो. मंगळाचेही तसेच. कमीत कमी इंधनाचा मार्ग घेतला तर यानाला पोहोचायला सुमारे २५९ दिवस लागतात. तेवढ्यात मंगळ आपल्या कक्षेत सुमारे १३६ अंश पुढे सरकतो. म्हणून यान निघते तेव्हा मंगळ पृथ्वीच्या सुमारे ४४ अंश पुढे असावा लागतो. ही स्थिती हुकली की पुढचे २६ महिने वाट पाहायची. इस्रोचे मंगळयान ५ नोव्हेंबर २०१३ ला श्रीहरिकोट्याहून उडाले आणि २४ सप्टेंबर २०१४ ला मंगळाच्या कक्षेत शिरले, ते याच हिशेबाने.

यासाठी लागणारी कालमाने आपल्या जुन्या ग्रंथांत किती अचूक होती? सूर्यसिद्धान्ताप्रमाणे एका महायुगात, म्हणजे ४३,२०,००० वर्षांत, मंगळाच्या २२,९६,८३२ प्रदक्षिणा होतात. त्या काळातल्या १,५७,७९,१७,८२८ दिवसांना या संख्येने भागले तर मंगळाचे वर्ष ६८६.९९७५ दिवसांचे येते. आजचे मान ६८६.९८०. फरक सुमारे २५ मिनिटांचा! अशी सिद्धान्तोक्त माने आधुनिक मानांशेजारी मांडून ताडणे, हेच दीक्षितांच्या ग्रंथाचे मोठे काम.

पण याच सूर्यसिद्धान्तात सूर्य चंद्राच्या फक्त १३ पट दूर धरला आहे. प्रत्यक्षात तो सुमारे ३९० पट दूर आहे. म्हणजे ग्रह केव्हा कुठल्या दिशेला दिसेल हे उत्तम कळत होते, किती लांब आहे हे कळत नव्हते. पंचांगाला दिशा पुरते, प्रवासाला पुरत नाही. सूर्याचे अंतर नीट मोजण्यासाठी १८७४ आणि १८८२ च्या शुक्राच्या अधिक्रमणांवर जगभरच्या खगोलशास्त्रज्ञांनी मोहिमा काढल्या. दीक्षितांची उमेदीची वर्षे ती हीच.

मग अडते कुठे?

दीक्षितांच्याच पिढीतला आणखी एक शाळामास्तर इथे आठवतो. रशियातील कालुगा गावी गणित शिकवणारे कॉन्स्टंटिन त्सिओल्कोव्स्की, जन्म १८५७. तेही स्वतःच्या बळावर शिकलेले. रॉकेटला हवा तो वेग द्यायला किती इंधन लागेल याचे सूत्र त्यांनी १९०३ मध्ये प्रसिद्ध केले. इंजिनीअरिंगची मुले ते सूत्र पाठ करतात, त्याची क्रूरता मात्र आकडे घातल्यावर कळते. चंद्रावर माणसे नेणारे सॅटर्न-५ उड्डाणावेळी सुमारे २,९०० टनांचे होते. त्यातून माणसांना घेऊन समुद्रात परतली ती कुपी सुमारे पाच टनांची.

हे झाले चंद्राचे. तो ३.८४ लाख किलोमीटरवर, तीन दिवसांच्या वाटेवर. मंगळ अगदी जवळ आला तरी सुमारे साडेपाच कोटी किलोमीटर, दूर गेला की ४० कोटी. आणि जाऊन लगेच परतता येत नाही. २५९ दिवस जायचे, परतीची स्थिती जुळेपर्यंत सुमारे सव्वा वर्ष तिथेच थांबायचे, पुन्हा २५९ दिवस यायचे. एकूण दोन वर्षे आठ महिने. अंतराळात सलग राहण्याचा विक्रम अजूनही व्हॅलेरी पोल्याकोव्ह यांचा ४३७ दिवसांचा आहे, तोही १९९४-९५ चा. आपले शुभांशू शुक्ला २०२५ मध्ये अंतराळ स्थानकावर राहून आले ते १८ दिवस. ते स्थानक पृथ्वीपासून अवघ्या ४०० किलोमीटरवर; काही बिघडले तर काही तासांत खाली येता येते. मंगळाच्या वाटेवर नुसता निरोप पोहोचायला २२ मिनिटांपर्यंत वेळ लागू शकतो.

सर्वात अवघड बाब किरणोत्साराची. मंगळाकडे जाताना क्युरिऑसिटी यानावरील उपकरणाने दिवसाला सुमारे १.८ मिलिसिव्हर्ट इतका मारा मोजला. पृथ्वीवर माणसाला वर्षभरात नैसर्गिकरीत्या सरासरी २.४ मिळतो. या दराने जाण्यायेण्याच्या ५१८ दिवसांतच नऊशेच्या वर आकडा जातो. नासाने आपल्या अंतराळवीरांसाठी संपूर्ण कारकिर्दीची ठरवलेली मर्यादा ६०० आहे. वेगवान मार्ग घेऊन हे दिवस कमी करता येतील, पण त्याला इंधन जास्त लागते, म्हणजे पुन्हा त्सिओल्कोव्स्की मास्तरांच्या दारात.

उतरण्याचेही कोडे सुटलेले नाही. मंगळावरची हवा पृथ्वीच्या शंभराव्या हिश्श्याहूनही विरळ. छत्रीला ती पुरेशी अडवत नाही. आजवर तिथे उतरवलेले सर्वात जड वाहन म्हणजे पर्सिव्हिअरन्स, सुमारे एक टनाचे. माणसांसाठी, त्यांच्या अन्नपाण्यासाठी आणि परत उडण्यासाठी याच्या कित्येक पट वजन उतरवावे लागेल. शुक्र तर विचारातही नको. त्याच्या पृष्ठभागावर तापमान साडेचारशे अंशांच्या वर आणि दाब पृथ्वीच्या नव्वद पट.

तेव्हा शक्य आहे की नाही? भौतिकशास्त्राचा कोणताही नियम आडवा येत नाही. या शतकात चारसहा माणसे मंगळावर पाय ठेवून परत येतील, हे मानायला जागा आहे. पुढच्या दहा वर्षांत हे होईल, असे मानायला आज उपलब्ध आकडे तरी आधार देत नाहीत. आणि तिथे वस्ती करायच्या गप्पांना तूर्त गप्पाच म्हणावे.

दीक्षितांचे पुढे काय झाले?

ग्रंथ छापून हातात आल्यावर दीक्षितांना फार दिवस मिळाले नाहीत. १८९८ मध्ये पुण्यात ते गेले, वय जेमतेम पंचेचाळीसच्या घरात. पंचांग ऋतूंशी जुळलेले, म्हणजे सायन असावे, असा त्यांचा आग्रह होता. विसाजी रघुनाथ लेले आणि जनार्दन बाळाजी मोडक यांच्या साथीने त्यांनी तसे पंचांगही चालवले. लोकांनी ते स्वीकारले नाही. संक्रांत डिसेंबरात कोण करणार? मात्र २२ मार्च १९५७ पासून सरकारने लागू केलेल्या राष्ट्रीय दिनदर्शिकेचे वर्ष सायन आहे. सरकारी कागदांवर इंग्रजी तारखेशेजारी ते असते. सण मात्र तिथेही निरयन गणितानेच दिले जातात.

मंगळ पृथ्वीच्या समोर येण्याची एक तारीख १९ फेब्रुवारी २०२७ आहे. त्या वेळी तो सुमारे दहा कोटी किलोमीटरवर, म्हणजे तसा लांबच असेल. मुरूडच्या किनाऱ्यावरून पाहायचा तर समुद्राकडे पाठ करायची. सूर्य बुडाल्यावर गावामागच्या डोंगरावरून मघा नक्षत्राजवळ तांबूस ठिपका वर येईल, तो मंगळ.