नर्तकी अ‍ॅना पाव्हलोव्हा

शाळेच्या संमेलनांत एखादी नवखी मुलगी नाचूं लागली म्हणजे तिची दृष्टि बहुधा शेजारणीच्या पायांकडे असते. तें पाहून आम्हांस अ‍ॅना पाव्हलोव्हा हिच्या विद्यार्थिदशेची आठवण होते.

अ‍ॅनाचा जन्म १८८१ सालीं रशियांतील सेंट पीटर्सबर्ग शहरीं झाला. आई धुणीं धुऊन चरितार्थ चालवी. लहानपणीं तिनें आईबरोबर एकदां नृत्यनाट्य पाहिलें आणि नर्तकी होण्याचा ध्यास घेतला. बादशाही नृत्यशाळेनें तिला प्रथम परत लावलें. १८९१ सालीं प्रवेश मिळाला.

परंतु खरी अडचण पुढेंच होती. त्या काळीं बळकट, भरलेल्या बांध्याची नर्तकी लोकांस आवडे. इटलीची पिएरीना लेन्यानी एका पायावर लागोपाठ बत्तीस गिरक्या घेऊन प्रेक्षकांस थक्क करी. अ‍ॅना हडकुळी, हातपाय लांब, घोटे नाजूक, तळपायाची कमान फार उंच. तरीहि तिनें त्या गिरक्यांचा हट्ट धरला. तिचे गुरु पावेल गेर्ट यांच्या तें दृष्टीस पडलें, तेव्हां त्यांनीं तिला चांगलेंच फटकारलें. असल्या कसरती इतरांनीं कराव्या, तिच्या पायांस त्या झेपावयाच्या नाहींत. नाजूकपणा हेंच तिचें धन आहे, असें त्यांनीं बजावलें. ज्या अंगाची लाज वाटत आली त्यालाच धन म्हणावें, हें त्या वयांत पटणें सोपें नव्हे!

मेहनत अर्थात् सुटली नाहीं. पायांस आधार म्हणून ती नृत्याच्या बुटांत कठीण चामडें घाली. त्यावर टीकाहि झाली. पुढें १९०५ च्या सुमारास मिखाइल फोकीन यांनीं तिच्यासाठीं मरणोन्मुख हंसाचें लहानसें नृत्य बसविलें. त्यांत उंच उड्या नाहींत, गिरक्यांची चढाओढ नाहीं. चवड्यांवरचीं बारीक पावलें आणि ते लांब हात, एवढ्यावरच सारें चालतें. याच नृत्यानें तिची कीर्ति जगभर पसरली.

१९२२ सालीं ती हिंदुस्थानांत येऊन गेली. दुसऱ्या वर्षीं लंडनांत राधाकृष्णाचें नृत्य झालें, त्यांत ती राधा व उदय शंकर कृष्ण. हे तरुण गृहस्थ मुंबईच्या जे. जे. कलाशाळेंत शिकून पुढील चित्रकलेसाठीं विलायतेस गेले होते. त्यांनीं पाश्चात्य नृत्याच्या मागें न लागतां आपल्या देशींच्या नृत्याचा शोध घ्यावा, असें तिनें त्यांस आग्रहानें सांगितलें. गेर्ट यांचे बोल ती विसरली नव्हती, असें आम्हांस वाटतें.

२३ जानेवारी १९३१ रोजीं हेग येथें ती वारली. त्याच वर्षीं मार्चांत पॅरिस येथें उदय शंकर यांची स्वतःची मंडळी प्रथम रंगभूमीवर उभी राहिली.