विश्लेषण : भारतीय मोटारीचा आग्रह धरणारे वालचंद हिराचंद कोण होते? त्यांच्या स्वप्नाची किंमत कोणी मोजली?

मोटार उद्योगाने देशाला रोजगार दिला, सुट्या भागांचे हजारो कारखाने दिले आणि शहरांना धूरही दिला. या उद्योगाचा पाया घालणाऱ्यांत सोलापूरचे वालचंद हिराचंद आघाडीवर होते. शिरोडा-रेडीच्या किनाऱ्यावरून वर्षानुवर्षे लोहखनिज बाहेर गेले, पण त्यापासून बनणारी यंत्रे मात्र बाहेरून आली. कच्चा माल आपला आणि पक्का माल परक्यांचा, हे गणित बदलण्याच्या खटपटीत वालचंद यांचे आयुष्य गेले.

सुरुवात कशी झाली?

वालचंद यांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ रोजी सोलापुरात जैन व्यापारी कुटुंबात झाला. घरी कापसाचा व्यापार आणि सावकारी होती. मुंबई व पुण्यात शिक्षण घेत असतानाच ते व्यवसायात उतरले. सावकारीत मात्र त्यांचे मन रमले नाही. रेल्वेत कारकून राहिलेल्या लक्ष्मणराव फाटक यांच्याशी भागीदारी करून त्यांनी बार्शी लाइट रेल्वेचे कंत्राट घेतले. पुढे बोरघाटातील बोगदे आणि मुंबईला पाणी पुरवणारी तानसाची जलवाहिनी अशी मोठी कामे त्यांच्या बांधकाम व्यवसायाने केली.

जहाजांकडे ते का वळले?

पहिल्या महायुद्धानंतर त्यांनी ग्वाल्हेरच्या शिंदे संस्थानाकडून ‘लॉयल्टी’ हे जहाज भागीदारांसह विकत घेतले. सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीचे हे जहाज ५ एप्रिल १९१९ रोजी मुंबईहून लंडनकडे निघाले. हाच दिवस आज राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो. ब्रिटिश कंपन्यांनी भाडे पाडून सिंदियाला संपवण्याचा प्रयत्न केला, पण कंपनी टिकली. रेल्वे नसलेल्या कोकणात वेंगुर्ल्यासारख्या बंदरांतून मुंबई गाठण्यासाठी बोट हाच मोठा आधार होता. या किनाऱ्यावर प्रवासी बोटी चालवणारी बॉम्बे स्टीम नॅव्हिगेशन कंपनीही पुढे सिंदियाच्या ताब्यात आली.

मे १९३० मध्ये शिरोड्याच्या मिठागरांवर सत्याग्रह झाला. आपल्या किनाऱ्यावर पिकणाऱ्या मिठावर परक्या सरकारचा कर का, हा तिथला सवाल होता. आपल्या किनाऱ्यावरील मालवाहतूक परक्या कंपन्यांच्या हाती का, हा वालचंद यांचा सवाल त्याच जातीचा होता.

मोटार कारखान्याला विरोध का झाला?

१९२८ पासून जनरल मोटर्स मुंबईत परदेशातून आलेले भाग जोडून गाड्या तयार करत होती. त्यात देशाच्या वाट्याला जोडणीची मजुरी आणि विक्री एवढेच येत असे. गाडी इथेच घडावी, अशी योजना सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी मांडली. मुंबई प्रांतातील बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळाने तिला अनुकूलता दाखवली आणि वालचंद यांनी ती हाती घेतली. फोर्डशी बोलणी फिसकटल्यावर त्यांनी क्रायस्लरशी करार केला. मात्र महायुद्धाच्या काळात ब्रिटिश सरकारने मोटार उद्योगाला आवश्यक उद्योग मानण्यास नकार दिला.

दरम्यान अमेरिकेच्या प्रवासात विमान उद्योगातील विल्यम पॉली यांची गाठ पडली. त्यातून डिसेंबर १९४० मध्ये म्हैसूर संस्थानाच्या मदतीने बंगळूरुत हिंदुस्तान एअरक्राफ्ट कंपनी सुरू झाली. १९४१ मध्ये विशाखापट्टणमला जहाजबांधणी कारखान्याची पायाभरणी झाली. विमान कारखाना मात्र १९४२ मध्ये सरकारने ताब्यात घेतला. मोटारीसाठी थांबावे लागले. १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना झाली आणि १९४७ मध्ये कुर्ल्याच्या कारखान्यातून डॉज व प्लिमथ गाड्या बाहेर पडू लागल्या.

अर्थव्यवस्थेला काय मिळाले?

मोटारीला पोलाद, रबर, काच, रंग, बॅटरी, स्प्रिंग असे सगळे लागते. त्यामुळे गाडी जोडण्यापेक्षा ती घडवण्याने अधिक हातांना काम मिळते. १९५३ मध्ये टॅरिफ कमिशनच्या शिफारशीनुसार सरकारने केवळ जोडणी करणाऱ्या कंपन्यांना दार बंद केले. जनरल मोटर्स आणि फोर्ड यांनी गाशा गुंडाळला. प्रीमियरसारख्या मोजक्या कंपन्यांना संरक्षित बाजारपेठ मिळाली.

हे पाहायला वालचंद नव्हते. १९४९ मध्ये पक्षाघाताचा झटका आल्यानंतर ते कामकाजातून बाजूला झाले. ८ एप्रिल १९५३ रोजी गुजरातमधील सिद्धपूर येथे त्यांचे निधन झाले. १९५४ पासून प्रीमियरने फियाट ११०० बाजारात आणली. हीच गाडी १९७०च्या दशकात ‘प्रीमियर पद्मिनी’ झाली आणि मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून ओळखली गेली. तिने हजारो चालकांची चूल पेटती ठेवली. त्यांत कोकणातून पोटापाण्यासाठी मुंबईला गेलेले चाकरमानीही होते.

मग किंमत कोणी मोजली?

संरक्षणाची दुसरी बाजू म्हणजे स्पर्धेचा अभाव. ग्राहक वर्षानुवर्षे प्रतीक्षा यादीत राहिला आणि जुनेच इंजिन रस्त्यावर धावत राहिले. १९८३ मध्ये मारुती येईपर्यंत बदलाची निकड कंपन्यांना भासली नाही. धुराचा त्रास सर्वाधिक झाला तो दिवसभर रस्त्यावर असणाऱ्यांना, म्हणजे खुद्द टॅक्सीचालक, फेरीवाले आणि वाहतूक पोलिसांना. महानगरांत नव्या पेट्रोल गाड्यांना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर १९९५ मध्ये आला, देशभरात शिसेविरहित पेट्रोल २००० मध्ये. मुंबईतील जुन्या टॅक्सींना सीएनजीकडे वळवण्यासाठी उच्च न्यायालयाला आदेश द्यावे लागले. शेवटची नोंदणीकृत पद्मिनी टॅक्सी वयोमर्यादा संपल्याने ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून हटली.

किमतीचा दुसरा हिस्सा खाणपट्ट्यांनी उचलला. पोलादासाठी लोहखनिज लागते आणि ते काढताना डोंगर, झरे आणि बागायती यांना झळ बसते. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील पश्चिम घाट समितीने २०११ च्या अहवालात सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीच्या संवेदनशील क्षेत्रांत नव्या खाणींना रोखण्याची शिफारस केली होती.

आज याचा अर्थ काय?

वालचंद यांच्या काळात प्रश्न मालकीचा होता. गाडी कोण घडवणार आणि नफा कुठे राहणार, यावर सारा वाद होता. धूर आणि खाणीची माती त्या हिशेबात धरलीच जात नव्हती. आता विजेच्या गाड्यांसाठी देशात बॅटरी बनवण्याचा आग्रह आहे. तो वालचंद यांच्या आग्रहाचाच पुढचा टप्पा म्हणता येईल. विजेच्या गाडीने शहरातला धूर कमी होईल, पण पोलाद आणि बॅटरीतील धातू कुठल्या तरी जमिनीतूनच काढावे लागतील. कारखाना एका जिल्ह्यात आणि खाण दुसऱ्या जिल्ह्यात असते, तेव्हा रोजगार आणि नुकसान एकाच गावाच्या वाट्याला येत नाही. हा हिशेब कारखाना उभा राहण्याआधी मांडला गेला, तरच त्यात खाणीजवळच्या गावांचे म्हणणे धरले जाईल.