पेन्शनर हवालदार गोपाळबाबा वलंगकर



आपण महात्मा फुल्यांचे नाव घेतो, बाबासाहेबांचे नाव घेतो. फुले 1890 साली गेले, बाबासाहेब 1891 साली जन्मले. पण या दोघांच्या मधल्या काळात आपल्या समाजाची बाजू कोण मांडत होतं, हे आपल्या पोरांना विचारलं तर सांगता येत नाही. ते काम करणारे एक होते गोपाळबाबा वलंगकर. ते काही मोठे वकील नव्हते की बॅरिस्टर नव्हते. फौजेतून घरी आलेले पेन्शनर हवालदार होते.

गोपाळबाबांचा जन्म 1840 च्या सुमारास महाडजवळच्या रावढळ गावी महार कुटुंबात झाला. त्याकाळी गावात महाराच्या वाट्याला काय होतं, ते सांगायला नको. मेलेलं ढोर ओढा, गावकी करा, भाकर मागून खा. शाळेचा उंबरठा बंद, पाणवठा बंद. अशा माणसाला एकच वाट मोकळी होती, ती म्हणजे इंग्रजांची फौज. तिथे पगार मिळे, अंगावर वर्दी येई, आणि मुख्य म्हणजे अक्षर-ओळख होई. गोपाळबाबा याच वाटेने गेले, हवालदार झाले आणि 1886 साली पेन्शन घेऊन कोकणात दापोलीला येऊन राहिले.

आता बघा, फौजेत ज्याच्या हुकुमावर शिपाई चालत, तोच माणूस वर्दी उतरवून गावात आला की त्याची सावलीही चालत नसे. पेन्शन होती, खाऊन-पिऊन गप्प बसता आलं असतं. पण गोपाळबाबा बसले नाहीत. जोतिरावांच्या सत्यशोधक विचाराने त्यांच्या मनाची पकड घेतली होती. त्यांनी धर्माची पुस्तके स्वतः वाचून काढली आणि विचारायला सुरुवात केली की हा विटाळ आला कुठून आणि ठरवला कोणी? आपण इथले मूळचे अनार्य, बाहेरून आलेल्या आर्यांनी आपल्यावर हा कलंक लादला, असा त्यांचा निष्कर्ष होता. 1888 साली त्यांनी ‘विटाळ विध्वंसक’ छापले. ‘दीनबंधु’ आणि ‘सुधारक’ या पत्रांत ते लिहू लागले. अनार्य दोष परिहारक मंडळी ही संस्था उभी केली. न शिकलेल्या माणसालाही समजावे म्हणून पदे रचली.

तेवढ्यात मोठा घाव बसला. इंग्रज सेनापतींच्या डोक्यात लढाऊ जाती आणि बिनलढाऊ जाती असा भेद शिरला आणि 1892-93 च्या सुमारास महारांची फौजेतली भरती बंद झाली. ही नुसती नोकरी गेली नाही. पगार, पेन्शन, मुलांची शाळा, सगळं एकदम गेलं. पुन्हा गावकीच नशिबी आली. गोपाळबाबांनी 1894 साली सरकारसाठी अर्ज तयार केला. आमचे वाडवडील लढले, मग आता आम्हीच नालायक कसे, असा त्याचा रोख होता. भीक मागणारा तो अर्ज नव्हता, हक्काचा होता.

1895 साली सरकारने त्यांना महाड तालुका लोकल बोर्डावर नेमले. महाराच्या मांडीला मांडी लावून बसायचे म्हणून वरच्या जातीचे सभासद बिथरले, वर्तमानपत्रांतून वाद झाला. पण अस्पृश्य माणूस सरकारी बोर्डावर बसू शकतो, हे महाडने पाहिले.

1900 साली गोपाळबाबा गेले. भरतीची बंदी त्यांच्या हयातीत उठली नाही. मग ते हरले काय? नाही. पुढे शिवराम जानबा कांबळे यांनी तीच मागणी 1910 साली थेट विलायतेच्या भारतमंत्र्यांपर्यंत नेली. पहिल्या महायुद्धात महारांची पलटण उभी राहिली, युद्ध संपल्यावर मोडली, आणि 1941 साली महार रेजिमेंट झाली, ती आजही आहे. आणि ज्या महाडात गोपाळबाबांच्या बसण्याने खळबळ झाली, त्याच महाडात 20 मार्च 1927 रोजी बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. माता रमाईसुद्धा गोपाळबाबांच्या नात्यातल्याच. बाबासाहेबांचे वडील रामजी सुभेदारही पेन्शनीनंतर काही काळ दापोलीला राहिले.

माझ्यासारख्या गिरणी कामगाराला या माणसाचे मोठेपण एका गोष्टीत वाटते. स्वतःचे पोट भरल्यावर त्यांचे खरे काम सुरू झाले. आपल्या धामणगाव बढे परिसरातही फौजेतून, शाळेतून, एस.टी.तून निवृत्त झालेली माणसे आहेत. कुणाच्या घरकुलाचा अर्ज अडतो, कुणा पोराची स्कॉलरशिप अडते. संध्याकाळी तासभर विहारात बसून एकाचा अर्ज लिहून दिला, तरी गोपाळबाबांची आठवण राखल्यासारखे होईल. पेन्शन बसली म्हणजे काम संपलं, असं समजू नये.

जय भीम!