सुलतान अहमदशहा वली बहमनी

बहमनी घराण्याचा नववा सुलतान अहमदशहा इ. स. १४२२ मध्ये आपला वडील बंधू फिरोजशहा याच्यानंतर कलबुर्गीच्या तख्तावर बसला. पुढे त्याने राजधानी बीदरला नेली. त्याच्या स्वाऱ्यांची वर्णने तवारिखांत विपुल आहेत. विजयनगरच्या मोहिमेत त्याच्या सैन्याने रयतेवर केलेले क्रौर्य झाकण्याजोगे नाही. परंतु याच राजाच्या अमदानीत ओसाड मुलखाच्या लागवडीचे जे कार्य झाले, ते मात्र फारसे कोणाच्या स्मरणात नाही.

इ. स. १३९६ मध्ये दुर्गादेवीचा भयंकर दुष्काळ सुरू झाला. तो बारा वर्षे टिकला, अशी परंपरा सांगते. गोदावरी व कृष्णा यांच्यामधील परगणेच्या परगणे निर्मनुष्य झाले. पाऊस पुन्हा पडू लागला, तरी माणसे परतेनात. कारण मधल्या काळात डोंगरी किल्ले पाळेगार व लुटारू यांच्या हाती गेले होते आणि परतलेल्या कुणब्याला ते गावातून हुसकून लावीत. तीस वर्षांहून अधिक काळ या मुलखाचा वसूल नाममात्रच राहिला. अहमदशहाच्या आरंभीच्या वर्षांतही अवर्षण पडले. तेव्हा सुलतानाने टेकडीवर जाऊन प्रार्थना केली व पाऊस आला, अशी कथा आहे. तेव्हापासून लोक त्याला ‘वली’ म्हणू लागले.

परंतु केवळ पावसाने शेते पिकत नाहीत. इ. स. १४२९ मध्ये दौलताबादचा सुभेदार मलिक-उत्-तुज्जार हा वतनदार देशमुखांना बरोबर घेऊन निघाला व त्याने खटाव, महादेवाचे डोंगर, वाई या भागांतील पुंडांचा बंदोबस्त केला. त्यानंतर वसुलाची व्यवस्था दादो नरसो काळे हा अनुभवी ब्राह्मण व दरबारातील एक तुर्की खोजा या दोघांवर सोपविण्यात आली. जुने रहिवासी बहुतेक नष्ट झालेले. शिवा कोणालाच आठवेनात. म्हणून दोन-तीन गावांचे मिळून एक गाव करण्यात आले. पांढरी एकाची, काळी तिघांची. जो कसावयास तयार होईल त्याला जमीन मिळाली. पहिल्या वर्षी सारा संपूर्ण माफ. दुसऱ्या वर्षी दर बिघ्यास घोड्याचा एक तोबरा भरून धान्य. पडीक रानातील झुडपे काढावयाची, बैल व बी मिळवावयाचे, आणि पीक हाती येईपर्यंत पोट भरावयाचे, अशा माणसाकडून पहिल्याच वर्षी सारा मागणे म्हणजे त्याला पुन्हा परागंदा करणेच होते. दोघा अधिकाऱ्यांनी हे ओळखले. एक हिंदू व एक मुसलमान यांनी मिळून ही घडी बसविली, हेही नमूद करण्याजोगे आहे.

बीदरच्या तांबड्या जांभ्या दगडाच्या पठारावर पाण्याची चणचण होती. तेथे बहमनी काळात इराणी पद्धतीचे भूमिगत करेज खोदण्यात आले. नौबादजवळ त्याचे अवशेष आजही दिसतात.

इ. स. १४३६ मध्ये अहमदशहा मरण पावला. बीदरजवळ अष्टूर येथे त्याची कबर असून घुमटाखालील रंगीत चित्रकाम प्रेक्षणीय आहे. लिंगायत भाविक त्याला अल्लमप्रभूंचा अवतार मानतात. त्याचा उरूस हिंदू पंचांगाप्रमाणे भरतो आणि कलबुर्गी जिल्ह्यातील माड्याळचे जंगम आपल्या अनुयायांसह त्यासाठी अष्टूरला येतात.