दिवा आणि झरोका

फ्लॉरेन्स नाइटिंगेल हे नाव आमच्या वाचकांस अपरिचित नाही. हाती दिवा घेऊन रात्रीच्या वेळी जखमी शिपायांच्या खाटांमधून फिरणारी करुणामूर्ती, हे त्यांचे चित्र पाठ्यपुस्तकांनी घरोघर पोहोचविले आहे. ते चित्र खोटे नाही. परंतु अपुरे आहे. या थोर स्त्रीने जगाला दिलेली खरी शिकवण समजून घ्यावयाची असेल, तर दिव्यावरची दृष्टी काढून आपण ती आपल्याच घराच्या खिडकीकडे वळवावी, असे आम्हांस वाटते.

१२ मे १८२० रोजी इटलीतील फ्लॉरेन्स नगरीत एका सधन इंग्रज कुटुंबात त्यांचा जन्म झाला आणि गावाचेच नाव मुलीला मिळाले. वडिलांनी त्यांना घरी उत्तम शिक्षण दिले. गणिताची त्यांना विशेष गोडी होती. रुग्णसेवा हे त्या काळी कुलीन स्त्रीला न शोभणारे काम मानले जाई. त्यामुळे घरच्यांचा विरोध त्यांना अनेक वर्षे सोसावा लागला. अखेर १८५१ मध्ये जर्मनीतील कायझर्सवर्थ येथे त्यांनी शुश्रूषेचे शिक्षण घेतले आणि १८५३ मध्ये लंडनमधील एका लहान रुग्णालयाची व्यवस्था हाती घेतली.

१८५४ मध्ये क्रिमियाच्या युद्धात इंग्रज सैनिकांच्या हालअपेष्टांच्या वार्ता इंग्लंडला पोहोचल्या, तेव्हा ३८ परिचारिका बरोबर घेऊन त्या निघाल्या आणि ४ नोव्हेंबर रोजी कॉन्स्टॅन्टिनोपलजवळील स्कुटारी येथील लष्करी रुग्णालयात दाखल झाल्या. तेथे त्यांनी अंथरुणे, स्वच्छ कपडे आणि सकस अन्न यांची तजवीज केली. स्वतः रात्र रात्र जागल्या. तरीही माणसे मरतच राहिली. १८५५ च्या फेब्रुवारीत तेथे दर शंभर रुग्णांपैकी सुमारे ४२ दगावत होते, आणि त्यांतील बहुतेकांचा बळी जखमांनी नव्हे, तर हगवण, पटकी आणि ज्वर यांनी घेतला.

मार्चमध्ये इंग्लंड सरकारने पाठविलेला आरोग्यविषयक एक आयोग तेथे पोहोचला. रुग्णालयाच्या इमारतीखालीच तुंबलेली गटारे होती, दालनांत खाटांची दाटी होती आणि कोंडलेल्या हवेला बाहेर पडण्यास वाट नव्हती. आयोगाने गटारे धुवून काढली, भिंतींना चुना दिला आणि हवा खेळती राहील अशी सोय केली. जूनमध्ये मृत्यूंचे प्रमाण शेकडा दोनाच्या आसपास आले. ऋतू पालटला आणि रुग्णांची गर्दी ओसरली, याचाही त्यात वाटा होताच. तथापि एक गोष्ट उघड झाली. दिवा फेब्रुवारीतही तेवत होता. केवळ दिव्याने ती माणसे वाचली नव्हती.

१८५६ मध्ये फ्लॉरेन्सबाई मायदेशी परतल्या तेव्हा सारे राष्ट्र त्यांचा जयजयकार करीत होते. दुसऱ्या एखाद्या व्यक्तीने त्या कीर्तीतच समाधान मानले असते. त्यांनी मात्र संख्याशास्त्रज्ञ विल्यम फार यांच्या साहाय्याने मृतांच्या आकड्यांची छाननी आरंभिली. तीतून जे निष्पन्न झाले ते कटू होते. ज्या रुग्णालयाने त्यांना कीर्ती दिली, तेच माणसांच्या जिवाला सर्वांत घातक ठरले होते. हे सत्य त्यांनी दडविले नाही. आकृत्या काढून, अहवाल छापून त्यांनी ते राज्यकर्त्यांपुढे मांडले. आमच्या मते त्यांच्या आयुष्यातील सर्वांत धैर्याचे कृत्य हेच होय.

पुढे आणखी एक गोष्ट उजेडात आली. शांततेच्या काळी इंग्लंडमधील बराकींत राहणारे तरुण सैनिक त्यांच्याच वयाच्या नागरिकांच्या जवळजवळ दुप्पट प्रमाणात मरत होते. तेव्हा बराकींच्या सुधारणेसाठी समिती नेमली गेली. छतावर निघणारी हवेची धुराडी आणि भिंतीत उंचावर झरोके बसविण्यात आले. या झरोक्यांच्या झडपा आतील बाजूस तिरप्या उघडत; त्यामुळे बाहेरची थंड हवा निजलेल्या माणसाच्या अंगावर न येता आधी वर जाई आणि मग हळूहळू खोलीत पसरे. थोड्याच वर्षांत बराकींतील मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले.

१८५९ मध्ये त्यांनी शुश्रूषेवर एक छोटेखानी पुस्तक लिहिले. ते प्रामुख्याने घरोघरच्या स्त्रियांसाठी होते. रोग्याला थंडी न बाधता त्याच्या खोलीतील हवा बाहेरच्या हवेइतकी शुद्ध राखणे, हा त्यांचा पहिला नियम. रात्रीची हवा वाईट म्हणून खिडक्या लावून घेण्याच्या रूढीवर त्यांनी कडक टीका केली. रात्री श्वासाला रात्रीचीच हवा मिळणार, मग ती कोंडलेली का असावी, असा त्यांचा रोकडा सवाल होता. खिडकी वरच्या भागात उघडणारी असावी, असा त्यांचा आग्रह होता. यामागील कारण सोपे आहे. श्वासावाटे बाहेर पडलेली उष्ण हवा हलकी होऊन वर चढते. तिला वर वाट मिळाली की ती निघून जाते आणि खालून ताजी हवा तिची जागा घेते. केवळ आतले दार उघडून भागत नाही, कारण त्याने घरातीलच शिळी हवा फिरत राहते, हेही त्यांनी बजावले.

हिंदुस्थानाशीही त्यांचे नाते जडले होते. येथील इंग्रजी फौजेच्या आरोग्याची चौकशी करणाऱ्या आयोगाचा अहवाल १८६३ मध्ये प्रसिद्ध झाला. दर हजार गोऱ्या शिपायांमागे वर्षाला ६९ मरत असल्याचे त्यातून दिसले. त्या चौकशीमागे मुख्य परिश्रम फ्लॉरेन्सबाईंचेच होते. पुढे त्यांचे लक्ष येथील खेड्यांतील जनतेकडे वळले. पुण्याच्या सार्वजनिक सभेशीही त्यांचा पत्रव्यवहार होता. विशेष हे, की या देशात त्या कधीही आल्या नाहीत. दीर्घकाळच्या आजारपणात अंथरुणावरूनच त्यांनी हे सारे कार्य केले. १३ ऑगस्ट १९१० रोजी लंडन येथे त्यांचे निधन झाले.

दुर्गंधीयुक्त हवेतूनच रोग उपजतो, अशी त्यांची समजूत होती. ती पुढे चुकीची ठरली. रोगजंतूंचा शोध लागला. तरी त्यांचा उपाय फोल ठरला नाही. क्षयाचे जंतू कोंदट खोलीत हवेवर तरंगत राहतात आणि खेळत्या हवेत विरळ होतात, हे आज आपण जाणतो. २०२० च्या महामारीत तर खिडक्या उघड्या ठेवा, हा संदेश साऱ्या जगाला पुन्हा ऐकावा लागला.

जुन्या घरांत खिडकीच्या वर झरोका ठेवण्याची आपल्याकडे रीत होती. आज थंडीच्या भयाने किंवा धुळीच्या त्रासाने तोच आपण खोके लावून, कागद चिकटवून बुजवितो. क्वचित बंद खोलीत कोळशाची शेगडी पेटवून निजतो आणि विषारी वायूने प्राणाला मुकतो. आमच्या बालवाचकांना आम्ही एवढेच सुचवू, की आज निजण्यापूर्वी आपल्या खोलीचा झरोका पाहावा. तो बुजला असेल तर मोकळा करावा. थंडी वाजली तर अंगावर आणखी एक पांघरूण घेता येईल. परंतु हवेची वाट बंद करू नये. घरात कोणी आजारी असेल, तर त्याच्या उशाशी बसण्याइतकीच ही सेवा मोलाची आहे.