सुगरणीचं घर कोण बांधतं? डॉ. सालिम अली यांची गोष्ट



कोकणात ज्यांचं लहानपण गेलं त्यांनी सुगरणीचं घरटं पाहिलं नसेल असं होणार नाही. विहिरीवर वाकलेल्या बाभळीला नाहीतर शिंदीच्या झाडाला ती घरटी ओळीने लोंबकळत असायची. नाव सुगरण, म्हणून घर बाईच विणत असणार, असं आपण धरून चाललो. खरं म्हणजे घर विणतो तो नर. आणि त्या घरात पुढे काय काय होतं ते महिनोन्‌महिने बसून पाहिलं आणि नीट लिहून ठेवलं डॉ. सालिम अली यांनी, तेसुद्धा आपल्या अलिबागजवळच्या किहीम गावात.

किहीम आपल्याला परकं नाही. केहीमकर हे आडनाव त्याच गावावरून आलं, आणि आपल्या पूर्वजांचं गलबत जिथे फुटलं असं आपण ऐकत आलो ते नवगावही तिथून जवळच. म्हणून वाटलं, या माणसाची गोष्ट आपल्या मंडळींना सांगावी.

सालिम अलींचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत, एका सुलेमानी बोहरी कुटुंबात झाला. भावंडांत ते सर्वांत धाकटे. वर्षाचे असताना वडील गेले आणि तीन वर्षांचे असताना आई गेली. मामा अमिरुद्दीन तय्यबजी आणि मामी हमीदा बेगम यांनी खेतवाडीतल्या घरी या पोरक्या मुलांना वाढवलं. मामांना शिकारीचा शौक होता. त्यांनी दिलेल्या छर्‍याच्या बंदुकीने सालिमने एक चिमणी पाडली. हातात घेऊन पाहिलं तर तिच्या गळ्यावर पिवळा डाग. ही कुठली चिमणी, ते मामांनाही सांगता येईना. त्यांनी चिठ्ठी देऊन मुलाला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत पाठवलं. तिथले सेक्रेटरी मिलार्डसाहेब यांनी त्याला हाकलून न देता पक्ष्याचं नाव सांगितलं आणि कपाटं उघडून भुसा भरलेले किती तरी पक्षी दाखवले. त्या दिवसापासून मुलाला जो नाद लागला तो नव्वदीपर्यंत सुटला नाही.

पण नादावर पोट भरत नाही. तरुणपणी ते ब्रह्मदेशात घरच्या खाणीचा आणि लाकडाचा व्यवसाय बघायला गेले. तिथे धंद्यापेक्षा रानात पक्ष्यांमागे हिंडणंच जास्त झालं. मुंबईला परत येऊन त्यांनी व्यापाराचं शिक्षण घेतलं, सेंट झेवियर्समध्ये प्राणिशास्त्र शिकले, पण विद्यापीठाची पदवी काही मिळवली नाही. १९१८ मध्ये तेहमिना बेगम यांच्याशी लग्न झालं. त्या इंग्लंडमध्ये शिकलेल्या, पण नवर्‍याबरोबर रानात तंबूत राहायला कधी कुरकुरल्या नाहीत.

१९२६ मध्ये प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये, म्हणजे काळा घोड्याजवळ आपण मुलांना घेऊन जायचो त्याच म्युझियममध्ये, त्यांना लोकांना प्राणी-पक्ष्यांची माहिती सांगायची नोकरी मिळाली. दोन वर्षांनी रजा घेऊन ते बर्लिनला गेले आणि तिथे प्रोफेसर श्ट्रेझेमान यांच्या हाताखाली शिकले. पक्ष्यांच्या पायात कडी घालून त्यांचा प्रवास कसा समजून घ्यायचा, तेही जर्मनीतच हेल्गोलँड बेटावर शिकले. १९३० मध्ये परत येऊन बघतात तर पैशाअभावी त्यांची जागाच रद्द झालेली! वय तेहतीस, घरी बायको आणि हाती काम नाही.

मुंबईचा खर्च झेपेना. दोघं किहीमला तेहमिनांच्या माहेरच्या छोट्या घरात राहायला गेली. दुसरा कोणी कपाळाला हात लावून बसला असता. यांनी आजूबाजूला पाहिलं. पावसाळा होता आणि सुगरणींची घरटी बांधायची धांदल चाललेली. सालिम अली रोज तासन्‌तास तेच बघत बसले.

मी आयुष्यभर नर्सिंग केलं. आम्हाला पहिली शिकवण हीच होती की बघा, वेळ टाका, लिहा. पेशंट बरा आहे असं लिहून चालत नाही. किती वाजता किती ताप, किती नाडी, ते लिहायचं. सालिम अलींनी किहीमला पक्ष्यांचं हेच केलं. कुठल्या घरट्यावर कोण आलं, कोण गेलं, कधी, याची रोजची नोंद.

त्यातून जे उमगलं ते मोठं गमतीचं आहे. नर भाताच्या पात्यांच्या आणि माडा-शिंदीच्या झावळ्यांच्या बारीक पट्ट्या काढून घर विणतो, पण अर्ध्यावर थांबतो. मग माद्या येऊन घरं तपासतात. आत शिरून बघतात, पसंत नसेल तर निघून जातात. एखादीला घर पटलं तरच तो ते पुरं करतो, खाली नळीसारखी वाट करतो. मादी अंडी घालते, उबवते. आणि हे महाशय? शेजारीच दुसरं घर विणायला घेतात, दुसर्‍या मादीसाठी! जमलं तर तिसरंही. एकामागून एक संसार थाटायची ही रीत त्यांनी सोसायटीच्या जर्नलमध्ये मांडली, आणि बिनपगारी माणसाचं नाव देशोदेशींच्या पक्षीतज्ज्ञांना माहीत झालं. पाहिलेलं काय होतं? घराजवळच्या झाडांवरचा अगदी साधा पक्षी. कोकणात तो सगळ्यांना दिसत होता, पण बसून पाहिला एकानेच.

पुढे त्यांनी एक युक्ती केली. संस्थानिकांना कळवलं की मला पगार नको, फक्त प्रवासाचा आणि राहण्याचा खर्च द्या, मी तुमच्या मुलखातले पक्षी मोजून लिहून देतो. हैदराबाद, त्रावणकोर, कोचीन असं करत त्यांनी मुलूख पालथे घातले. तेहमिना बरोबर असायच्या. १९३९ मध्ये एका छोट्या शस्त्रक्रियेनंतर त्या वारल्या. त्या काळी पेनिसिलीन हाताशी नव्हतं, साध्या ऑपरेशनचीही धास्ती असे, हे आमच्या पिढीच्या नर्सना शिकवताना सांगत. सालिम अली फार खचले. बहीण कामू आणि तिच्या यजमानांनी त्यांना आपल्या घरी ठेवून घेतलं. त्यांनी परत लग्न केलं नाही, कामाला मात्र परत लागले.

१९४१ मध्ये त्यांचं भारतीय पक्ष्यांवरचं पुस्तक आलं. त्यात पक्ष्याचा आकार सांगायची सोपी तर्‍हा आहे: चिमणीएवढा, बुलबुलाएवढा, साळुंकीपेक्षा मोठा. कोणालाही समजावं असं. पुढे डिलन रिप्ले यांच्याबरोबर त्यांनी दहा खंडांचा मोठा ग्रंथ केला; शेवटचा खंड १९७४ मध्ये निघाला तेव्हा ते सत्त्याहत्तर-अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते. भरतपूरचं पाणथळ रान पक्ष्यांसाठी राखलं जावं म्हणून ते झटले. १९७६ मध्ये पद्मविभूषण मिळालं. आत्मचरित्र १९८५ मध्ये आलं, आणि त्याला नाव दिलं त्या लहानपणच्या चिमणीचं. १९८७ मध्ये नव्वदीत ते गेले.

मंडळी, आपल्यापैकी पुष्कळांना आता गुडघे धड चालू देत नाहीत. पण मिर्पेसेतमध्ये खुर्ची टाकून बसता येतं ना? इथे इस्रायलमध्ये बुलबुल आहे, दुखीफत म्हणजे आपला हुप्प्या आहे. साळुंकीसुद्धा आली आहे, पिंजर्‍यातून सुटून. इथल्या पाखरांना ती फार त्रास देते म्हणतात. वसंतात आणि शरदात मिळून करोडो पक्षी या देशावरून युरोप-आफ्रिकेची ये-जा करतात. एक वही घ्या. तारीख, वेळ, पक्षी केवढा, काय करत होता, एवढंच लिहा. नाव माहीत नसलं तरी चालेल, नातवंडं शोधून देतील. महिनाभर एकाच पक्ष्याकडे बघा. किहीमला सालिम अलींजवळ यापेक्षा फार काही नव्हतं.