पितळेची डबी

मैत्रिणींनो, दसरा झाला की आमच्या महिला मंडळात एकच लगबग सुरू होते. गावातली आणि आसपासच्या वाड्यांवरची जी मुलं सैन्यात आहेत, त्यांच्यासाठी दिवाळीच्या फराळाचे डबे भरायचे असतात. कुणी बेसनाचे लाडू वळतं, कुणी चिवडा परततं, शाळेतल्या मुली चिठ्ठ्या लिहून देतात. मग पत्ते घालून, '५६ एपीओ' लिहून सगळं टपालात पडतं. एक मुलगा तर शांतिसेनेतून पार आफ्रिकेत गेलेला. त्याचा डबा बांधताना त्याच्या आईचे हात थरथरत होते.

यादी माझ्याकडे असते. गेल्या वर्षी ती तपासताना एका नावावर मी लाल पेनाने रेघ मारली. तो मुलगा उन्हाळ्यातच गेला होता. आता डबा कुणाला पाठवायचा? एक डबा कमी, असं मी वहीत लिहिलं आणि पुढच्या नावाकडे वळले. त्या वेळी त्यात काही वावगं वाटलं नाही, हेच आज जास्त टोचतं.

टोचायला कारण झालं एका फोटोचं. माझा मामेभाऊ लंडनला गेला होता. तिथल्या युद्ध संग्रहालयात त्याने एक छोटीशी पितळेची डबी पाहिली आणि आमचा उद्योग माहीत असल्याने तिचा फोटो मला मोबाइलवर पाठवला. झाकणावर एका तरुण मुलीचा चेहरा, दोन्ही बाजूंना 'एम' हे अक्षर, खाली १९१४ सालच्या नाताळचा उल्लेख. ही मुलगी कोण, म्हणून मी शोध घेत गेले आणि राजकन्या मेरीची गोष्ट हाती लागली.

मुंबईचं गेटवे ऑफ इंडिया आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. १९११ साली इंग्लंडचे राजे पंचम जॉर्ज आणि राणी मेरी मुंबईच्या धक्क्यावर उतरले, त्याची आठवण म्हणून ते बांधलं गेलं. त्यांचीच ही एकुलती एक मुलगी. आईचंच नाव तिलाही दिलेलं. २५ एप्रिल १८९७ रोजी सँडरिंगहॅमला तिचा जन्म झाला. पाच भावांत एक बहीण! आपल्याकडे अशी मुलगी किती लाडाची असते, पण त्या घरात वडील कडक, आई अबोल आणि शिस्त राजवाड्याची. शिक्षण घरीच झालं. ती फ्रेंच आणि जर्मन छान शिकली, घोड्यावर उत्तम बसायची. पण स्वभावाने लाजाळू. चारचौघांत बोलायचं म्हटलं की संकोचायची.

ऑगस्ट १९१४ मध्ये पहिलं महायुद्ध पेटलं, तेव्हा ती सतरा वर्षांची होती. आपल्याकडे अकरावी-बारावीत असतात, त्या वयाची. लाखो घरांतली मुलं फ्रान्स-बेल्जियमच्या चिखलात उभी होती, समुद्रावर जहाजांत होती. मेरीच्या मनात आलं, की नाताळला या सगळ्यांना आपल्याकडून काहीतरी भेट जावी. स्वतःला मिळणाऱ्या खर्चाच्या पैशातूनच ती द्यायची, असा तिचा बेत होता. पण आकडा एवढा मोठा होता, की राजकन्येच्या पैशांतही ते बसणारं नव्हतं. मग ऑक्टोबरमध्ये समिती नेमली गेली आणि नोव्हेंबरमध्ये तिच्या नावाने वर्तमानपत्रांतून लोकांना आवाहन झालं.

आणि लोकांनी दिलं! श्रीमंतांनी दिलं, तसं सामान्य माणसांनीही आपापल्या ऐपतीप्रमाणे दिलं. शेवटी १ लाख ६२ हजार पौंडांहून अधिक रक्कम जमली. सुरुवातीला फक्त आघाडीवरच्या सैनिकांना आणि नौसैनिकांना भेट द्यायचं ठरलं होतं. पैसे वाढले तशी यादी वाढली. त्या नाताळला ज्याच्या अंगावर गणवेश होता त्या प्रत्येकाला, मग तो कुठेही असो, डबी द्यायची असं ठरलं. ही संख्या पंचवीस लाखांच्या वर गेली.

डबी साधारण पाच इंच लांब आणि सव्वातीन इंच रुंद, खिशात मावेल एवढी. तिच्याबरोबर एक पाइप, तंबाखू, सिगारेटी, पेटवायचं साधन, नाताळचं कार्ड आणि राजकन्येचा फोटो. आज आपण तंबाखूची भेट म्हटलं तर नाक मुरडू, आणि बरोबरच आहे. पण त्या काळी खंदकात तोच विरंगुळा समजला जाई. तरीही जे ओढत नव्हते त्यांचा वेगळा विचार केला होता. त्यांना आंबटगोड गोळ्या, पेन्सिल आणि पत्र लिहायचं सामान. आघाडीवरच्या नर्सताईंना चॉकलेट.

आता आपल्याशी जवळची गोष्ट सांगते. १९१४ च्या सप्टेंबरअखेर हिंदुस्थानी फौजा फ्रान्सच्या मार्सेय बंदरात उतरल्या होत्या. त्यांत आपल्या पुण्याजवळच्या खडकीचे सॅपर्सही होते. ऑक्टोबरअखेर नव्ह-शापेलच्या लढाईत त्यांनी फार मोठी हानी सोसली. थंडीची सवय नाही, भाषा कळत नाही, घरची चिठ्ठी यायला महिने लागतात. या जवानांसाठी वेगळ्या भेटी तयार केल्या गेल्या. गुरखा जवानांना इंग्रजांसारखीच डबी. शीख जवानांना तंबाखू चालत नाही, म्हणून खडीसाखर आणि मसाल्याची डबी. इतर हिंदुस्थानी जवानांना खडीसाखर, मसाले आणि सिगारेटी. पाणी वाहून नेणाऱ्या भिश्त्यांना मात्र फक्त मसाल्याची डबी. भेदभाव तिथेही होताच. सर्वांत जड ओझं वाहणाऱ्याच्या हातात सर्वांत हलकी भेट!

तरीपण मसाल्यांशी मी थांबले. बेचव रेशनवर दिवस काढणाऱ्या माणसाच्या नाकात अचानक घरच्या स्वयंपाकघराचा वास गेला, तर त्याला काय वाटलं असेल? घेणारा कोण आहे, त्याला काय चालतं, काय आवडतं याचा कुणीतरी बसून विचार केला होता. आम्ही मात्र वर्षानुवर्षं सगळ्यांना एकच लाडू-चिवडा पाठवतो. आफ्रिकेतून सुट्टीवर आलेल्या त्या मुलाने आईला सांगितलं, की लाडवांचा चुरा झाला होता आणि चिवडा सादळला होता. त्याने तो आनंदाने खाल्ला, पण त्याला खरी गरज होती ती जाड मोज्यांची, नेलकटरची आणि सुईदोऱ्याची. आम्ही कधी विचारलंच नव्हतं.

मेरीच्या डब्याही सगळ्या वेळेवर पोचल्या नाहीत बरं का! चार लाखांहून अधिक नाताळपर्यंत वाटल्या गेल्या. बाकीच्यांना नववर्षाच्या कार्डासह नंतर गेल्या. पेटवायची साधनं कमी पडली, मग कुणाला चाकू, कुणाला कंगवा, कुणाला दाढीचा ब्रश असं काय काय घालून भर केली. पितळ युद्धालाच लागत होतं, त्यामुळे डब्यांना मिळेना. अमेरिकेतून मागवलेलं पितळ 'लुसिटानिया' जहाजाबरोबर मे १९१५ मध्ये समुद्रात बुडालं. तरी काम सोडलं नाही. युद्ध संपलं तरी वाटप चालूच होतं. १९२० साली निधीचं काम बंद झालं आणि उरलेले पैसे एका प्रसूतिगृहाला दिले गेले.

मेरी नुसती झाकणावरचा चेहरा होऊन राहिली नाही. १९१८ मध्ये ती लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट इथल्या मुलांच्या रुग्णालयात नर्सिंग शिकायला लागली. राजाची मुलगी आजारी लेकरांच्या खाटांपाशी उभी राहून काम करत होती. १९२० पासून ती गर्ल गाइड संघटनेची अध्यक्ष झाली आणि अखेरपर्यंत राहिली. आपल्यापैकी ज्यांनी शाळेत गाइडचा निळा गणवेश घातला आहे, त्यांचं तिच्याशी हे असंही नातं!

२८ फेब्रुवारी १९२२ रोजी तिचं लग्न झालं. नवरा हेन्री लॅसेल्स तिच्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठा, महायुद्धात जखमी होऊन आलेला. १९२३ आणि १९२४ मध्ये दोन मुलगे झाले. पुढे यॉर्कशायरमधल्या हेअरवुडच्या वाड्यात ती रमली. १९३६ मध्ये थोरल्या भावाने, आठव्या एडवर्डने, प्रेमापायी राजगादी सोडली. घरात केवढं वादळ उठलं असेल! पण बहिणीने भावाशी नातं तोडलं नाही. पुढच्याच वर्षी ऑस्ट्रियात जाऊन ती त्याला भेटून आली. माहेर म्हणजे काय असतं, ते आपल्याला वेगळं सांगायला नको.

दुसऱ्या महायुद्धात सैन्यातल्या स्त्रियांच्या तुकड्यांचं प्रमुखपद तिच्याकडे होतं. गणवेश घालून ती मुलींच्या छावण्यांना भेटी देत फिरायची. आणि मग जून १९४४ मध्ये तिचा थोरला मुलगा जॉर्ज इटलीत जखमी होऊन जर्मनांच्या हाती सापडला. राजाचा भाचा म्हणून त्याला कोल्डिट्झच्या किल्ल्यात खास कैद्यांत ठेवलं. सतराव्या वर्षी दुसऱ्यांच्या लेकरांसाठी डब्या पाठवणारी मुलगी आता सत्तेचाळिसाव्या वर्षी स्वतःच्या लेकराची वाट पाहत होती. युद्धकैद्यांपर्यंत पोचायची ती रेडक्रॉसची पार्सलं. कुणाच्या तरी अनोळखी हातांनी बांधलेली. तेव्हा तिला आपली पितळेची डबी आठवली असेल का? मार्च १९४५ मध्ये हिटलरने जॉर्जच्या मृत्युदंडाच्या आदेशावर सहीसुद्धा केली होती. पण युद्ध हरत चाललेलं पाहून एका जर्मन सेनाधिकाऱ्याने तो पाळला नाही आणि त्याला स्विस लोकांच्या हवाली केलं. मुलगा घरी आला. सगळ्यांचे येत नाहीत.

१९४७ मध्ये पती गेले. त्यानंतरही ती कामात राहिली. १९५१ मध्ये लीड्स विद्यापीठाची कुलपती झाली. २८ मार्च १९६५ रोजी हेअरवुडच्या आवारात मुलगा आणि नातवंडांबरोबर फिरत असताना हृदयविकाराने तिचा मृत्यू झाला. मागे फारसा गाजावाजा नाही. मागे राहिल्या त्या डब्या. बिड्या-सिगारेटी संपल्या, गोळ्या विरघळल्या, पण डब्या अजून कित्येक घरांत जपलेल्या आहेत.

आता मला प्रश्न पडतो, की ज्या राज्याने परक्या देशातल्या पोरांना आपल्या लढाईत मरायला नेलं, त्याच राज्याची खडीसाखर किती गोड मानायची? आपल्या सातारा जिल्ह्यातल्या 'मिलिटरी अपशिंगे' गावासारख्या गावांतून किती जण त्या युद्धात गेले! युद्ध काही मेरीने सुरू केलं नव्हतं, हे खरं. पण डबी दिली म्हणून युद्धाचा हिशोब चुकता होत नाही, हेही खरं. आमच्या फराळाच्या डब्यांनाही हेच लागू आहे.

पण तिच्या त्या यादीतली एक ओळ वाचली आणि मी पुस्तक मिटून बसले. डबी कुणाकुणाला द्यायची, त्यात लढाईत मेलेल्या सैनिकांच्या विधवा आणि आई-वडील यांचीही नोंद होती. माणूस गेला म्हणून त्याचं नाव खोडलं नव्हतं. त्याची डबी त्याच्या घरी गेली होती.

माझी वही मी काढली. लाल रेघ तशीच होती.

या वर्षी आम्ही आधी घराघरांत जाऊन विचारलं, मुलांना काय हवं. लाडू पक्क्या डब्यांत भरले, सोबत मोजे आणि सुईदोरा ठेवला. आणि एक डबा टपालात न टाकता मी स्वतः घेऊन गेले. त्या माउलीने दार उघडलं. मला बोलायला काही सुचेना. तिने डबा घेतला, झाकण उघडून पाहिलं आणि देवघरात लेकाच्या फोटोपुढे ठेवला. मग माझ्यासाठी चहा टाकला. चहा पिताना ती हळूच म्हणाली, की गेल्या दिवाळीला ती चार दिवस पोस्टमनची वाट पाहत होती. लेकासाठीचा डबा या खेपेला तरी घरी येईल, असं तिला वाटलं होतं.

मैत्रिणींनो, तुमच्या गावात अशी यादी कुणाकडे असेल, तर एकदा पाहा. कुणाचं नाव खोडलं तर नाही ना?